सबवूफर कोपऱ्यात, सोफा मध्यावर: होम थिएटरच्या बेसबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे. रिसीव्हर (स्पीकरांना आवाज वाटून देणारं यंत्र) चांगला आहे, स्पीकर चांगले आहेत, पण बेस, म्हणजे खालचे जाड सूर, बसत नाही. कुणाचा घुमतो, कुणाचा हरवतो, कुणाचा शेजाऱ्यांपर्यंत पोचतो. नवीन काही विकत घेण्याआधी खालची उत्तरं वाचून एक रविवार सकाळ या कामाला द्यावी, ही विनंती.

प्रश्न (नाशिक): आमचा हॉल १६ फूट लांब आणि ११ फूट रुंद आहे. टीव्ही ११ फुटी भिंतीवर आहे. सोफा हॉलच्या साधारण मध्यावर, त्यामागे भिंतीला लागून जेवणाचं टेबल. संच ५.१ चा, म्हणजे पाच स्पीकर आणि खालचे सूर वाजवणारा एक सबवूफर. सबवूफर १० इंची, टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात. सोफ्यावर बसलं की खोल बेस जाणवतच नाही, नुसती धपधप ऐकू येते. रिसीव्हरमध्ये सबवूफरची लेव्हल अधिक ८ केली तरी तेच. उलट जेवणाच्या टेबलाशी छातीत धडधडतं आणि शोकेसच्या काचा वाजतात. मोठा सबवूफर घ्यावा का?

उत्तर: नको. मोठा सबवूफर याच जागी ठेवलात तर टेबलाशी जास्त धडधडेल आणि सोफ्यावर आहे तेच राहील. तुमची अडचण सबवूफरच्या ताकदीची नसून सोफा कुठे आहे याची आहे.

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ठराविक सुरांच्या लाटा जागच्या जागी उभ्या राहतात. तो सूर काढायला ५६५ या आकड्याला भिंतींमधल्या अंतराने, फुटांत, भागायचं. तुमच्या हॉलच्या लांबीत तो येतो ३५ हर्ट्झ (सेकंदाला ३५ कंपनं) आणि रुंदीत ५१. या लाटांचा जोर भिंतींपाशी सर्वांत जास्त आणि बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य. तुम्ही नेमके लांबीच्याही आणि रुंदीच्याही मध्यावर बसता. त्यामुळे ३५ आणि ५१, दोन्ही सुरांचा खड्डा तुमच्याच सोफ्याखाली आलाय. लांबीतला पुढचा सूर ७० हर्ट्झचा. तो मात्र मध्यावर जोरात असतो, म्हणून खालची घरघर गायब आणि वरची धपधप तेवढी उरते. टेबल मागच्या भिंतीला लागून आहे, त्यामुळे तिथे सगळंच उसळतं.

लेव्हल वाढवून हा खड्डा भरत नाही. सबवूफरकडून सरळ आलेली लाट आणि भिंतीवर आपटून परतलेली लाट तिथे एकमेकींना खातात. एक वाढवली की दुसरीही तेवढीच वाढते. शिवाय अधिक ८ डेसिबल म्हणजे सबवूफरच्या ॲम्प्लिफायरकडून सहापटीहून जास्त ताकद मागणं. मोठ्या दृश्याला आवाज फाटू लागतो तो यामुळेच.

आता करायचं काय? आधी लेव्हल शून्यावर आणा. सोफा दीड-दोन फूट मागे घ्या, म्हणजे टीव्हीच्या भिंतीपासून बैठक साधारण १० फुटांवर येईल. एवढ्यानेच ३५ हर्ट्झच्या खड्ड्यातून तुम्ही बाहेर पडाल. टेबल सरकवण्यावरून घरात थोडी चर्चा होईल, पण या दोन फुटांचं काम कुठलंही बटण करत नाही.

मग सबवूफरची जागा शोधा. पद्धत उलटी वाटते, पण तिच्याइतकी खात्रीची दुसरी नाही. दोघांनी मिळून सबवूफर उचलून सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा. पंखा बंद करा. ३० ते ८० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जाणारा चाचणीचा सूर लावा, किंवा बेस गिटारचा एकच तुकडा फिरून फिरून वाजवा. आता सबवूफर जिथे जिथे ठेवणं शक्य आहे त्या भिंतींच्या कडेने गुडघ्यांवर सरका. कान जमिनीपासून फूटभर उंचीवर हवेत, सबवूफरचा पडदा असतो तेवढे. काही जागी एखादा सूर भोंग्यासारखा उसळतो, काही जागी गायब होतो. जिथे सगळे सूर सारख्या जोराने ऐकू येतील तिथे खडूने खूण करा. सबवूफरची जागा ती. अशी जागा बऱ्याचदा टीव्हीच्या भिंतीवर मध्यापासून थोडी बाजूला किंवा सोफ्याच्या शेजारी निघते. सबवूफर रुंदीच्या मध्याजवळ आला की ५१ हर्ट्झची लाट तो फारशी उठवतच नाही, त्यामुळे बाजूच्या भिंतींपाशी बसणाऱ्यांनाही बेस आवरता वाटतो.

शोकेसच्या काचांना सरकपट्टीत लोकरीची किंवा फेल्टची बारीक पट्टी लावा. त्यांचा खडखडाट बेसचा भाग समजून अनेकजण उगाच सेटिंग बदलत बसतात.

प्रश्न (कोल्हापूर): पुढचे स्पीकर टॉवर आहेत, प्रत्येकात साडेसहा इंची दोन वूफर. दुकानदाराने रिसीव्हरमध्ये ते 'लार्ज' ठेवायला सांगितलं. आपोआप सेटिंग केलं तेव्हा रिसीव्हरनेही 'लार्ज'च दाखवलं. तुमच्या सदरात मात्र सगळ्यांना 'स्मॉल' सांगता. एवढे मोठे टॉवर स्मॉल कसे?

उत्तर: या दोन शब्दांनी जेवढा गोंधळ घातलाय तेवढा दुसऱ्या कुठल्याही सेटिंगने घातला नसेल. स्पीकरच्या उंचीशी त्यांचा काही संबंध नाही. 'लार्ज' म्हणजे सगळा बेस त्याच स्पीकरने वाजवायचा. 'स्मॉल' म्हणजे क्रॉसओव्हरच्या, म्हणजे स्पीकर आणि सबवूफरमध्ये सूर वाटून देणाऱ्या सीमेच्या, खालचा बेस सबवूफरकडे द्यायचा. आपोआप सेटिंगच्या वेळी रिसीव्हरला तुमचा टॉवर खालपर्यंत वाजताना दिसला, म्हणून त्याने 'लार्ज' लिहिलं. ते मोजमाप आहे, शिफारस समजू नका.

टॉवर 'स्मॉल' करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवा. कारण साधं आहे. तेवढ्याच मोठ्या आवाजासाठी सूर ८० वरून ४० वर आणला की वूफरच्या पडद्याला चौपट पुढेमागे व्हावं लागतं. साडेसहा इंची पडदा ते काम करताना ताणला जातो, आणि त्याच वेळी त्याला माणसाचा आवाजही वाजवायचा असतो. तो आवाज मग थरथरतो. खालचं ओझं सबवूफरकडे गेलं की टॉवर मोकळा होतो आणि रिसीव्हरचा ॲम्प्लिफायरही. ८० च्या खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला सहसा कळत नाही, म्हणून तो आकडा जगभर रूढ झाला. तुमचे टॉवर खरोखर दणकट असतील तर ६० करून पाहा. जिथे पुरुषी आवाज आणि ढोल दोन्ही स्वच्छ वाटतील तो आकडा ठेवा.

छोट्या स्पीकरवाल्यांसाठी: चार इंची वूफर असेल तर १०० ते १२०. मुठीएवढे सॅटेलाइट असतील तर १५० च्या आसपास जावं लागतं, आणि मग सबवूफर टीव्हीजवळच हवा, नाहीतर माणसाचा आवाज कोपऱ्यातून येतोय असं वाटू लागतं. माहितीपत्रकात स्पीकर ६० हर्ट्झपर्यंत जातो असं लिहिलं असेल तर क्रॉसओव्हर ६० वर ठेवू नका. त्या टोकाला तो दमलेला असतो. किमान २० ने वर ठेवा.

आणखी तीन ठिकाणी चुका होतात. सबवूफरच्या पाठीमागे क्रॉसओव्हरची स्वतंत्र चावी असते. ती पूर्ण वर फिरवा किंवा 'एलएफई' (चित्रपटातली खास बेसची वाहिनी) असं बटण असेल तर ते दाबा. ती ८० वर राहिली तर एकाच जागी दोन गाळण्या लागतात आणि टॉवर व सबवूफरच्या सांध्यात भोक पडतं. रिसीव्हरमध्ये 'एलपीएफ फॉर एलएफई' नावाचा वेगळा आकडा असतो. तो चित्रपटातल्या '.१' वाहिनीचा, तो १२० वरच असू द्या. आणि 'एलएफई + मेन', 'एक्स्ट्रा बेस' किंवा 'डबल बेस', कंपनीप्रमाणे जे नाव असेल ते, बंद ठेवा. त्यात तोच बेस टॉवर आणि सबवूफर दोघेही वाजवतात, दोन ठिकाणांहून आलेल्या लाटा भांडतात आणि चिखल होतो. पहिल्या पाच मिनिटांत तो भरगच्च वाटतो, म्हणून दुकानात हमखास चालू असतो.

प्रश्न (ठाणे): रिसीव्हरसोबत आलेल्या माइकने ऑडिसीचं (रिसीव्हरमधल्या आपोआप सेटिंगचं) मोजमाप केलं. सबवूफर टेपने मोजला तर ३.२ मीटरवर आहे, रिसीव्हर ४.९ मीटर सांगतो. सबवूफरची लेव्हल उणे १२ आली. अंतर हाताने दुरुस्त करू का? आणि मोजमापानंतर बेस आधीपेक्षा कमी वाटतो तो का?

उत्तर: अंतराला हात लावू नका. रिसीव्हर टेपने मोजत नाही, आवाज पोचायला लागलेला वेळ मोजतो. सबवूफरच्या आत स्वतःची इलेक्ट्रॉनिक गाळणी असते, तिच्यातून जाताना आवाजाला काही मिलिसेकंद उशीर होतो. एक मिलिसेकंद म्हणजे साधारण ३४ सेंटिमीटर. तुमच्याकडे जो १.७ मीटरचा फरक दिसतो तो म्हणजे हा ५ मिलिसेकंदांचा उशीर. रिसीव्हरने तो बरोबर पकडलाय. टेपचा आकडा घातलात तर सबवूफर प्रत्येक ठोक्याला मागे पडेल.

उणे १२ मात्र दुरुस्त करायला हवं. तो त्या मापनाचा तळ आहे. म्हणजे रिसीव्हरला आणखी कमी करायचं होतं, पण जागाच उरली नव्हती, आणि खरी लेव्हल किती हवी होती हे आता कुणालाच कळणार नाही. सबवूफरच्या मागची व्हॉल्यूमची चावी घड्याळात दहा वाजतात तिथे आणा आणि मोजमाप पुन्हा करा. उणे ३ ते उणे ८ च्या दरम्यान आकडा आला की ठीक. रिसीव्हरचा आकडा फार खालीही जाऊ देऊ नका. काही सबवूफर संकेत आला की आपोआप जागे होतात. रिसीव्हरकडून संकेत फार बारीक निघाला तर रात्री हळू आवाजात ते झोपूनच राहतात. म्हणजे चावी खाली आणि रिसीव्हरचा आकडा शून्याच्या जरा खाली, ही जोडी बरी.

मोजमाप करताना माइक सोफ्याच्या गादीवर किंवा पाठीवर टेकवू नका. कॅमेऱ्याच्या तिपाईवर लावा. टोक छताकडे आणि उंची बसल्यावर कान येतात तेवढी. पंखा, एसी, एक्झॉस्ट बंद. कुकरची शिट्टी मध्ये झाली तर ती जागा पुन्हा मोजा. पहिली जागा मुख्य बैठकीची असली पाहिजे, कारण अंतर आणि लेव्हल त्यावरूनच ठरते. बाकीच्या जागा तिच्या आजूबाजूला अर्ध्या मीटरच्या आत घ्या. सोफ्याच्या दोन्ही टोकांपर्यंत पसरलात तर रिसीव्हर सगळ्यांची सरासरी काढतो आणि कुणालाच नीट देत नाही.

बेस कमी वाटतो कारण आधी जो एक सूर घुमत होता तो आता बसलाय. आठवडाभर तसंच ऐका. तरीही पातळ वाटलं तर सबवूफरची लेव्हल मोजमापाच्या आकड्यावरून ३ डेसिबल वाढवा. चित्रपट पाहणारे बहुतेक लोक तिथेच स्थिरावतात आणि त्यात चूक काही नाही. मोजमापानंतर क्रॉसओव्हर वर नेता येतो, खाली आणू नका. रिसीव्हरने जिथवर स्पीकर मोजला त्याच्या खाली त्याची दुरुस्ती लागू होत नाही.

खोलात जायचं असेल तर शेवटची एक पायरी. पुढचे स्पीकर आणि सबवूफर चालू ठेवून ८० हर्ट्झचा एकच सूर वाजवा. एकाने सोफ्यावर बसायचं, दुसऱ्याने सबवूफरचं अंतर ३० सेंटिमीटरच्या पायरीने पुढेमागे करायचं. टेपचा आकडा घालणं वेगळं आणि हे वेगळं: इथे मोजलेल्या ४.९ पासून सुरुवात करून कानाने सांधा जुळवायचा. एका जागी सूर स्पष्टपणे मोठा होतो. तो सांधा जुळल्याचा क्षण, तो आकडा ठेवा. सबवूफरवर ०/१८० चं फेजचं (लाट उलटी करणारं) बटण असेल तर दोन्हीकडे करून पाहा. मोठा आवाज देणारी बाजू बरोबर.

प्रश्न (पुणे): तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. ओटीटीवर चित्रपट लावला की संवाद कळत नाहीत म्हणून आवाज वाढवावा, तर मारामारीला घर हादरतं. खालचे काका दोनदा वर येऊन गेले. टीव्ही रिसीव्हरला एचडीएमआय एआरसीने (टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे नेणाऱ्या जोडणीने) जोडलाय.

उत्तर: आधी रिसीव्हरच्या पडद्यावर काय लिहून येतं ते बघा. तिथे 'डॉल्बी डिजिटल' किंवा 'डॉल्बी डिजिटल प्लस'ऐवजी 'पीसीएम' दिसत असेल तर बहुधा टीव्ही तुम्हाला दोनच वाहिन्या पाठवतोय आणि मधल्या स्पीकरला स्वतःचा संवाद मिळतच नाही. टीव्हीच्या ध्वनी मेनूत डिजिटल आउटपुट 'पीसीएम'वरून 'ऑटो', 'बिटस्ट्रीम' किंवा 'पासथ्रू' करा. ॲपमध्येही भाषेसमोर ५.१ लिहिलेला पर्याय निवडा.

मग मधला स्पीकर. टीव्हीखालच्या कपाटात तो आत ढकलून ठेवलेला असतो आणि त्याचा आवाज खणात घुमून येतो. त्याचं तोंड फळीच्या कडेच्या एक-दोन सेंटिमीटर बाहेर काढा. पुढच्या बाजूखाली रबरी पाचर घालून त्याला कानाच्या दिशेने वर तोंड करायला लावा. ऐकण्याच्या जागेवर याचा फरक लगेच कळतो, अगदी 'स' आणि 'श' सुटे ऐकू येतात. त्यानंतर मधल्याची लेव्हल २ ते ३ डेसिबल वाढवा, क्रॉसओव्हर १०० करा. त्याने पुरुषी आवाजातला घुमार कमी होतो.

ऑडिसीचं 'डायनॅमिक इक्यू' चालू असेल तर ते हळू आवाजात बेस आणि मागचे स्पीकर वाढवतं. चित्रपटासाठी ते बेतलेलं आहे, पण मालिका आणि बातम्यांना जड होतं. 'रेफरन्स लेव्हल ऑफसेट' १० किंवा १५ करा. रात्री 'डायनॅमिक रेंज कॉम्प्रेशन' किंवा 'नाइट मोड' लावा, त्याने मोठा आवाज दबतो आणि बारीक वर येतो. सबवूफर रात्रीपुरता ५-६ डेसिबल खाली.

खालच्या काकांचं म्हणणं खरं आहे, याबद्दल शंका नको. फोनवरच्या ॲपने आवाज मोजून त्यांना दाखवायला जाऊ नका. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण ती 'ए' पद्धतीने मोजली जाते आणि त्या पद्धतीत ४० हर्ट्झचा आवाज सुमारे ३५ डेसिबलनी कमी धरला जातो. मीटर शांत दिसतो तेव्हाही खाली पलंग थरथरत असू शकतो. सबवूफरखाली दोन इंच जाड, घट्ट फोमचा पाट ठेवा. सबवूफरच्या पेटीची थरथर त्याने लादीत कमी उतरते. हवेतून स्लॅबमध्ये जाणारा आवाज मात्र फोमने थांबत नाही, तिथे लेव्हल कमी करणं हाच उपाय. आणि सबवूफर बैठकीच्या अगदी जवळ, सोफ्याला लागून ठेवलात तर कमी लेव्हलमध्ये तुम्हाला तेवढाच बेस मिळेल आणि खाली कमी जाईल.

प्रश्न (सांगली): काही लावलेलं नसतानाही सबवूफरमधून एकसारखी 'घूंऽऽ' येते.

उत्तर: ती ५० हर्ट्झची विजेची गुणगुण आहे. सबवूफरमधून संकेताची तार काढा. आवाज राहिला तर दोष सबवूफरच्या पुरवठ्यात किंवा आतल्या भागात, तो दुरुस्तीला द्या. गेला तर तार परत लावून सेट-टॉप बॉक्सची केबल काढून बघा. बऱ्याचदा वाट तिथूनच असते: केबलचं अर्थिंग एकीकडे, घराचं दुसरीकडे, आणि मध्ये रिसीव्हर. केबल टीव्ही असेल तर तिथे ग्राउंड लूप आयसोलेटर (ही वाट तोडणारं छोटं उपकरण) बसतो. डिश असेल तर थांबा, त्याच तारेतून छतावरच्या एलएनबीला (डिशवर संकेत पकडणाऱ्या भागाला) १३ किंवा १८ व्होल्टचा पुरवठा जातो, साधा आयसोलेटर तो अडवतो आणि चित्रच जातं. तिथे टीव्ही, बॉक्स, रिसीव्हर, सबवूफर या सगळ्यांचे प्लग नीट अर्थिंग असलेल्या एकाच बोर्डवर आणा. सबवूफरच्या प्लगची अर्थची पिन कापून गुणगुण थांबवण्याचा सल्ला कुणी दिला तर कृपया ऐकू नका. उपकरणात बिघाड झाला तर त्याच पिनमुळे जीव वाचतो.

प्रश्न (मडगाव): घरात शास्त्रीय संगीत जास्त ऐकतो. डग्गा एकतर ढोलासारखा फुगतो, नाहीतर पोकळ होतो.

उत्तर: 'ऑल चॅनल स्टिरिओ' बंद करा. पाच ठिकाणांहून एकच डग्गा वाजल्यावर तो फुगणारच. साधा 'स्टिरिओ' ठेवा. 'प्युअर डायरेक्ट'मध्ये काही रिसीव्हर सबवूफर बंद करतात, लहान स्पीकर असतील तर पोकळपणा तिथून येतो. सबवूफर चित्रपटाच्या लेव्हलपेक्षा २-३ डेसिबल खाली घ्या.

तपासायला विलंबित तीनतालाचा ठेका लावा आणि डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली मींड ऐका. तो सूर चढता-उतरताना क्रॉसओव्हरच्या पट्ट्यातूनच जातो. मध्येच एक जागा उसळली किंवा विझली तर सांधा चुकलाय: ठाण्याच्या वाचकांना सांगितलेली अंतराची आणि फेजची पायरी करा. त्याआधी दोन्ही स्पीकरच्या तारा बघा. एकाची लाल-काळी उलटी लागली असेल तर दोघांचा बेस एकमेकांना मारतो आणि गायक मध्यभागी न दिसता खोलीभर पसरतो. तार उलटी असताना कुठलंच सेटिंग ते भरून काढत नाही.

प्रश्न (सोलापूर): मागच्या स्पीकरपर्यंत १२ मीटर तार लागेल. दीड चौरस मिलिमीटरची चालेल का? विजेच्या पाइपातूनच ओढली तर?

उत्तर: दीडची तार जाऊन-येऊन २४ मीटरला साधारण ०.३ ओहम रोध देते. आठ ओहमच्या स्पीकरला चालून जाईल, सहा किंवा चारच्या स्पीकरला अडीचची घ्या. तांब्याचीच घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त मिळते, पण तिचा रोध जास्त. दुकानात टोक सोलून चाकूने खरवडून पाहा, आतून पांढरी निघाली तर परत करा. विजेच्या पाइपातून नको. आवरण फाटलं तर २३० व्होल्ट थेट रिसीव्हरमध्ये येतील. वेगळा पाइप टाका, विजेच्या पाइपापासून फूटभर लांब, आणि तार ओढण्याआधी दोन्ही टोकांना डावा-उजवा लिहिलेल्या चिकटपट्ट्या लावा.